अभ्रकाची झळाळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली तेव्हा विषय कोणता निवडावा याचा आम्ही बराच विचार केला. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा नाट्यसंगीतावर बोलण्याची आपली रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु ज्या भूमीचे अन्न आपण पन्नास वर्षे खाल्ले, त्या भूमीच्या पोटातील एका वस्तूविषयी आज बोलावे असे आम्हांस वाटले. ही वस्तू या सभागृहात बसलेल्या बहुतेक प्रत्येकाच्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपाने आहे. किंबहुना आजच्या समारंभासाठी नटूनथटून आलेल्या आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावरही ती असण्याचा संभव आहे. तिचे नाव अभ्रक.

जुन्या सभासदांना मंडळाच्या तिलैया धरणावरील सहली आठवत असतील. दामोदर खोरे निगमाचे हे पहिले धरण. १९५३ मध्ये ते पुरे झाले. बस झुमरी तिलैयाच्या आसपास आली की रस्त्याकडेची माती उन्हात लखलखू लागे. मुले बसमधून उतरताच धावत सुटत आणि ते चमकदार कपचे खिशात भरत. ‘चांदी सापडली, चांदी!’ म्हणून एकच गलका होई. आम्ही मोठी माणसे कौतुकाने पाहत असू. परतीच्या प्रवासात त्या कपच्यांचे पापुद्रे सोडवण्यात मुलांचा वेळ मजेत जाई. त्याच रस्त्याच्या कडेला, तेवढ्याच वयाची काही मुले डोक्यावर टोपली घेऊन चाललेली आम्ही पाहिली होती. टोपलीत काय आहे हे आम्ही विचारले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे, फार उशिरा शोधलेले उत्तर आहे असे समजावे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. ‘अभ्र’ म्हणजे मेघ. त्यावरून अभ्रक हा शब्द आला. आपल्या रसशास्त्राने या खनिजाला मोठे मानाचे स्थान दिले. अग्नीत टाकल्यावर ते कसे वागते यावरून त्याचे चार प्रकार केले: ज्याचे पदर सुटे होतात ते पिनाक, जे बेडकासारखा आवाज करते ते दर्दुर, जे सर्पासारखे फूत्कारते ते नाग, आणि जे अग्नीतही अविकृत राहते ते वज्राभ्रक. औषधाला हे शेवटचेच घ्यावे असे शास्त्र सांगते. भाताबरोबर कांबळ्यात बांधून, कांजीत भिजवून आणि चोळून त्याचा बारीक चुरा काढीत. त्याला धान्याभ्रक म्हणत. पुढे पुटांमागून पुटे देऊन भस्म होई. सहस्रपुटी अभ्रकभस्माची पुडी आपल्या आजोबांच्या कपाटात मोठ्या जपणुकीने ठेवलेली असे, हे अनेकांना स्मरत असेल.

आधुनिक विज्ञानाच्या दृष्टीने अभ्रक हे एक खनिज नसून खनिजांचे एक कुटुंब आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी एकावर एक रचलेली असतात आणि त्यांच्यामध्ये पोटॅशियमचे दुबळे बंध असतात. त्यामुळे जाळे स्वतः बळकट, पण दोन जाळ्यांमधला सांधा कमजोर. म्हणूनच वहीची पाने सोडवावीत तसे अभ्रकाचे पापुद्रे सुटतात आणि ते मिलिमीटरच्या शतांशाइतके पातळही होऊ शकतात. पांढऱ्या अभ्रकाला मस्कोव्हाइट म्हणतात, कारण पूर्वी रशियात त्याचे पातळ पत्रे खिडक्यांना काचेऐवजी लावीत आणि पश्चिम युरोपात ती ‘मस्कोव्हीची काच’ म्हणून ओळखली जाई. हे खनिज पारदर्शक आहे, लवचीक आहे, उष्णतेला दाद देत नाही आणि विजेला वाट देत नाही. इतके गुण एका ठिकाणी क्वचितच आढळतात.

या शेवटच्या दोन गुणांनी त्याचे भाग्य उजळले. आपल्या घरातील जुनी विजेची इस्त्री कधी उघडून पाहिली असेल, तर तापणारी तार अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली दिसली असेल. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये, कंडेन्सरमध्ये, विमानांच्या इंजिनांतील स्पार्क प्लगमध्ये, मोठमोठ्या विद्युत् जनित्रांमध्ये अभ्रक लागे. त्यामुळे दोन्ही महायुद्धांत अभ्रकाला दारूगोळ्याइतकेच महत्त्व आले. आणि जगातील उत्तम पत्री अभ्रकाचा फार मोठा हिस्सा येत असे तो कोडर्मा, गिरिडीह, हजारीबाग, नवादा आणि गया या पट्ट्यातून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. हॉलंड यांनी भारतातील अभ्रकावर १९०२ मध्येच स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. येथील किंचित तांबूस झाक असलेले ‘बिहार रूबी’ अभ्रक जगाच्या बाजारात आपल्या नावानेच ओळखले जाई.

झुमरी तिलैया हे त्या व्यापाराचे केंद्र. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीच्या फर्माइशी कार्यक्रमांत या गावाचे नाव इतक्या वेळा उच्चारले जाई, की कित्येकांना ते गाव काल्पनिक वाटे! आपण मात्र त्याच्या शेजारी राहत होतो. गाणी मागवण्याची हौस पुरवणारा पैसा त्या गावात होता, तो या चमकदार पापुद्र्यांचा. खाणीतून आलेले ठोकळे फोडायचे, कडा विळ्याने छाटायच्या, पापुद्रे सोडवायचे आणि आकार व निर्मळपणा पाहून प्रतवारी लावायची, हे सारे हाताचे काम होते. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. यंत्राला न साधणारी नजर आणि बोटांचे कसब या स्त्रियांच्या अंगी होते. मजुरांच्या कल्याणासाठी १९४६ मध्ये अभ्रक-खाण कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीतून दवाखाने आणि शाळा निघाल्या. सारे काही आलबेल होते असे नव्हे. परंतु खाणीला मालक होता, हजेरीपट होता आणि अपघात झाला तर जाब विचारण्यास जागा होती.

पुढे काळ पालटला. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला. अभ्रकाच्या तुकड्यांपासून कागदासारखे पत्रे बनू लागले आणि मोठ्या, अखंड पत्र्याची गरज कमी झाली. निर्यातीसाठी १९७० च्या दशकात सरकारी महामंडळ स्थापन झाले, तरी बाजार आक्रसतच गेला. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर जंगलातील खाणपट्ट्यांचे नूतनीकरण अवघड झाले. मोठा गिऱ्हाईक असलेला सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. खाणींमागून खाणी बंद पडल्या. जंगल राखणे आवश्यक होते यात शंका नाही. पण ज्या गावांची दोन-तीन पिढ्यांची उपजीविका खाणीवर होती, त्यांनी उद्यापासून काय खावे, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. जमीन खडकाळ, शेती पावसावर, आणि दुसरा धंदा ठाऊक नाही, अशी त्या लोकांची अवस्था झाली.

आता या कथेचा दुसरा धागा हाती घेऊ. तो आपल्या आरशापाशी येऊन पोहोचतो. मोत्याची झळाळी कृत्रिम रीतीने आणावी ही माणसाची जुनी हौस. त्यासाठी माशांच्या खवल्यांतून काढलेला चमकदार पदार्थ वापरीत. शिशाची आणि बिस्मथची संयुगेही वापरून पाहिली गेली. पहिला महाग, तर शिसे विषारी. १९६० च्या दशकात एक निराळी युक्ती सापडली. अभ्रकाच्या अत्यंत बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवायचा. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग खुलतात, काही लोपतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तोच हा प्रकार. थर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा असला तर रुपेरी झाक येते. ७० च्या आसपास सोनेरी. आणखी वाढवत गेले तर तांबूस, निळी, हिरवी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे रंगद्रव्य न घालता केवळ जाडीच्या हिशेबाने रंग निर्माण करण्याची ही विद्या आहे. लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला तर ताम्रवर्ण आणि कांस्यवर्ण साधतात.

या भुकटीला मोठा पत्रा लागत नाही, चुरा पुरतो. जो चुरा पूर्वी खाणीबाहेर टाकून देत, त्यालाच आता मोल आले. डोळ्यांवरची रंगीत पूड, गालांची लाली, ओठांची लिपस्टिक, नेलपॉलिश, अंगाला लावायची चमकदार पावडर, केसांना लकाकी देणारे काही जेल आणि फवारे, चमकदार दिसणारे काही शाम्पू, कित्येक टूथपेस्टसुद्धा, अशा नाना वस्तूंत अभ्रक असते. होळीच्या रंगांतही चकाकीसाठी त्याची पूड मिसळतात. डबीच्या मागील बारीक अक्षरांत ‘माइका’ किंवा ‘सी. आय. ७७०१९’ असे लिहिलेले आढळले तर ते हेच. केवळ प्रसाधनांनाच दोष द्यावा असेही नाही. मोटारींचे चमकदार रंग, प्लॅस्टिक आणि विजेची उपकरणे यांनाही अभ्रक लागते आणि त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु मोटारीचा रंग आपण वर्षानुवर्षांतून एकदा निवडतो, आणि आरशासमोर रोज उभे राहतो. म्हणून आम्ही आरशाची गोष्ट सांगत आहोत.

हे दोन धागे जेथे एकत्र येतात, त्या ठिकाणाला त्या भागात ‘ढिबरा’ म्हणतात. ढिबरा म्हणजे अभ्रकाचा चुरा, टाकाऊ तुकडे. बंद खाणींच्या बाहेर जुन्या मातीचे डोंगर पडले आहेत. ते उकरून, चाळून, वेचून लोक ढिबरा गोळा करतात. वरचा माल संपला की जुन्या विवरांत उतरतात, किंवा एकच माणूस जेमतेम शिरेल अशी नवी बिळे खणतात. आधाराला लाकूड नाही, हवा खेळण्यास मार्ग नाही. पावसाळ्यानंतर माती भुसभुशीत झाली की छत खाली येते. दगडाच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. ते वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेले की फुप्फुसे निकामी होतात. आणि ज्या बिळात मोठा माणूस मावत नाही, तेथे लहान मूल मावते. ढिगारा चाळण्यासही लहान बोटे चांगली. सबंध कुटुंब दिवसभर राबून जे वेचते, ते दलाल किलोला काही थोड्या रुपयांनी घेतो. तेथून तो माल कोठारात जातो, कोठारातून निर्यातदाराकडे, कारखान्यात, परदेशी, आणि शेवटी झळाळीच्या रूपाने सुंदरशा डबीतून परत आपल्या हाती येतो. प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत वाढते. फक्त पहिल्या टप्प्यावर ती वाढत नाही.

याची वाच्यता पुष्कळ उशिरा झाली. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने या पट्ट्यात हिंडून शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत सात मुले खाणींत मरण पावल्याचे आणि त्या मृत्यूंची कोठेही नोंद न झाल्याचे उघड झाले. घरच्यांनी तक्रार का केली नाही? कारण खाणच बेकायदा. तक्रार करावी तर स्वतःच गुन्हेगार ठरायचे, आणि उद्याची चूलही विझायची. जी खाण कागदावर नाही, तिच्यात मेलेले मूलही कागदावर येत नाही. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने या जिल्ह्यांची पाहणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार झारखंड आणि बिहारच्या अभ्रकपट्ट्यातील सुमारे पाच हजार मुले शाळेपासून दूर होती.

बंधुभगिनींनो, सहलीतली ती टोपली आम्हांस आता पुन्हा दिसू लागते. आपल्या मुलांनी खिशात भरलेला अभ्रक आणि त्या मुलांच्या टोपलीतला अभ्रक एकच होता. आपल्या मुलांसाठी तो एका दुपारचा खेळ होता. घरी आल्यावर तो आयांनी झटकून केरात टाकला. त्या मुलांसाठी ती संध्याकाळची भाकर होती. आम्ही त्या वेळी दुष्टपणा केला असे नाही. आम्ही पाहिले, पण आमच्या लक्षात आले नाही. पन्नास वर्षे एखाद्या प्रांतात राहून तेथील मुलांच्या हातात काय आहे हे लक्षात येऊ नये, ही मात्र साधी गोष्ट नव्हे. आपण येथे पोलादाच्या कारखान्यात, कोळशाच्या खाणीत, रेल्वेत, धरणांवर नोकऱ्या केल्या. आपला गणेशोत्सव थाटात केला, मुलांना मराठी शिकवले, नाटके बसवली. या प्रांताने आपल्याला परके मानले नाही. १५ नोव्हेंबर २००० रोजी बिहारमधून झारखंड वेगळे झाले, प्रांताचे नाव बदलले, पण शेजारी तेच राहिले. त्या शेजाऱ्यांचे आपण काही देणे लागतो.

मग करावे काय? पहिला विचार मनात येतो तो असा, की अभ्रक असलेली वस्तूच घेऊ नये. हा विचार सात्त्विक आहे, पण आमच्या मते अपुरा आहे. प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम अभ्रक आज मिळते. डबीवर ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ असे लिहिलेले असते, आणि काही कंपन्यांनी नैसर्गिक अभ्रक सोडून तेच स्वीकारले आहे. त्याने ग्राहकाचे मन शांत होईल. पण ढिबरा वेचणाऱ्या घरातील चूल त्याने पेटणार नाही. एकदा कायद्याने खाणी बंद झाल्या तेव्हा माणसे नाहीशी झाली नाहीत, ती फक्त बिळांत गेली. हा धडा विसरता येणार नाही. गिऱ्हाईक नाहीसे झाले तर मूल शाळेत जाईल असे नाही. ते वीटभट्टीवर किंवा दूरच्या शहरात कामाला जाईल.

म्हणून टाकून देण्यापेक्षा विचारणे अधिक उपयोगाचे आहे, असे आमचे नम्र मत आहे. हे अभ्रक कोठून आले, ते कोणी वेचले, त्याला काय मिळाले, हे विक्रेत्याला आणि कंपनीला विचारावे. एका पत्राने काही होत नाही हे खरे; परंतु अशाच विचारण्याच्या रेट्यामुळे २०१७ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन जबाबदारीने अभ्रक मिळवण्याचा एक उपक्रम पॅरिसमध्ये सुरू केला, हेही खरे. ढिबरा वेचण्याचे काम कायद्याच्या चौकटीत आणावे, वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था असाव्यात आणि त्यांना वाजवी भाव मिळावा, ही मागणी त्या भागातून वर्षानुवर्षे होत आली आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने अभ्रकाला गौण खनिज ठरवले, तेव्हापासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्याचे नियम करणे राज्याच्या हाती होते. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या आपण माणसांनी या मागणीत आपला आवाज मिळवण्यास संकोच कशाचा? आपल्यात खाण-अभियंते आहेत, वकील आहेत, हिशेबनीस आहेत, निवृत्त शिक्षक तर पुष्कळच आहेत. अशा संस्थांना नेमकी हीच माणसे हवी असतात.

आणि हे सारे निष्फळ ठरते असेही नाही. कैलाश सत्यार्थी यांना २०१४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्यकर्त्यांनी या अभ्रकपट्ट्यात ‘बाल मित्र ग्राम’ उभी केली आहेत. तेथे मुले कामावर न जाता शाळेत जातात आणि स्वतःची बालपंचायत निवडतात. गिरिडीह जिल्ह्यातील एक तरुण लहानपणी स्वतः अभ्रक वेचीत असे. सुटका झाल्यावर तो शिकला आणि आपल्या गावातील मुलांसाठी त्याने शाळा काढली. २०२० मध्ये त्याला ब्रिटनचा डायना पुरस्कार मिळाला. ज्या हातांनी ढिबरा वेचला त्याच हातांत खडू आला. याहून मोठी झळाळी कोणत्या डबीत मिळणार?

शेवटी एक सूचना मांडून आम्ही थांबतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने पुन्हा एकदा तिलैयाची सहल काढावी. धरण पाहावे, डबे सोडावेत, गाणी म्हणावीत; परंतु या वेळी अर्धा दिवस त्या पट्ट्यातील एखाद्या गावच्या शाळेत घालवावा. तेथे काय उणे आहे ते शिक्षकांना विचारावे, आणि जे विचारले ते पुढील वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत यावे. आपली नातवंडे रस्त्यावरची ‘चांदी’ खिशात भरतील तेव्हा त्यांना रागावू नये. ती सुंदरच आहे. फक्त ती कोणाच्या हातून येते, हे त्यांना तेथेच, त्या मातीवर उभे राहून सांगावे. आमच्याकडून तेव्हा जे राहून गेले, ते त्यांच्याकडून राहू नये.

जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला त्या झारखंडलाही आमचा जोहार!